राप आणि कळंक : चांदीच्या जुन्या नाण्यांविषयी

धातूवर चढणाऱ्या थरांना मराठीत वेगवेगळी नावे आहेत. लोखंडाला गंज चढतो. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात ताक राहिले की ते कळकते आणि भांड्याच्या काठाशी हिरवट कळंक दिसू लागतो. समईच्या बुडाशी बसतो तो तेलाचा मळ. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर चढतो तो राप, आणि त्याला कोणी रोग म्हणत नाही. चांदीच्या बाबतीत मात्र ही सगळी नावे आपण एकाच शब्दप्रयोगात कोंबली आहेत : चांदी काळी पडली. पैंजण काळे पडले, निरांजन काळे पडले, आजोबांच्या डब्यातला राणीछाप रुपयाही काळा पडला. निदान एकच असल्यामुळे उपचारही एकच ठरला, तो म्हणजे घासणे. पुढील पानांत चांदीच्या नाण्यांच्या रंगबदलाची ओळख करून दिली आहे. त्याआधी एक मुद्दा मांडून ठेवायला हवा. जुन्या नाण्यावर दिसणारा काळपट, सोनेरी किंवा जांभळट थर बहुतेक वेळा मळ नसतो आणि कळंकही नसतो. तो राप असतो, नाण्याच्या स्वतःच्या चांदीतून घडलेला. तो घासून काढणे म्हणजे नाण्याचा वरचा पापुद्रा सोलणे. नाशिक परिसरापुरते बोलायचे तर इथल्या इतिहासाचा मोठा भाग अशा पापुद्र्यांवरच लिहिलेला आहे.

हे विधान अतिशयोक्तीचे वाटू नये म्हणून जोगलटेंभीकडे पाहू. गोदावरी आणि दारणा यांच्या संगमाजवळच्या या गावी १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी सुमारे १३,२५०. सगळी क्षहरात क्षत्रप नहपान याच्या नावाची. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारलेला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी १९०८ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात या साठ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि एक जुना वाद बराचसा निकालात निघाला. पांडवलेण्यातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निखंदून काढला असे ती माता त्यात सांगते. लेखातला शब्द हा शेवटी प्रशस्तीतला शब्द असतो, त्यावर किती विसंबायचे हा प्रश्न राहतोच. जोगलटेंभीच्या नाण्यांनी त्या शब्दाला चांदीची साक्ष दिली. जिंकलेल्या राजाने हरलेल्या राजाचे चलन वितळवत न बसता त्याच्या तोंडावरच आपला शिक्का हाणला होता.

ही साक्ष नेमकी कुठे आहे, हे जवळून पाहण्यासारखे आहे. नहपानाचे नाणे दीड-एक सेंटिमीटर व्यासाचे, वजनाला दोन-अडीच ग्रॅम. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. गौतमीपुत्राच्या ठशात एका अंगाला तीन कमानींचा चैत्य आणि दुसऱ्या अंगाला उज्जैन चिन्ह. दुसरा ठसा पहिल्यावर बसला तरी पहिला सगळाच पुसला जात नाही. चैत्याच्या कमानीशेजारी राजाच्या नाकाचा उंचवटा राहतो, उज्जैन चिन्हाच्या वर्तुळांमधून ब्राह्मीचे एखादे अक्षर डोकावते. या उरलेल्या उंचवट्यांची उंची केसाच्या जाडीच्या हिशेबात मोजावी लागते. स्कॉट यांना नहपानाच्या चेहऱ्यांत वयाचे आणि ठेवणीचे इतके फरक दिसले की ही एकाच माणसाची चित्रे नसून घराण्यातल्या वेगवेगळ्या माणसांची असावीत असा तर्क त्यांनी केला. तर्क पटो न पटो, तो करता आला तो गालाच्या आणि हनुवटीच्या रेषा शाबूत होत्या म्हणून. त्याच नाण्यावर कोणी दोन दिवाळ्या राख फिरवली असती, तर आधी त्या रेषा गेल्या असत्या आणि मग वादच उरला नसता.

आता राप म्हणजे काय ते पाहू. चांदीला निव्वळ हवेचे वावडे नाही; लोखंडासारखी ती प्राणवायूने गंजत नाही. तिचे वैर गंधकाशी आहे. हवेत हायड्रोजन सल्फाइड वायू अत्यल्प प्रमाणात असतो, अब्जात काही भाग इतका. तेवढाही चांदीला पुरतो. ओलावा आणि प्राणवायू यांच्या मदतीने तो चांदीशी संयोग पावतो आणि पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. हा थर सुरुवातीला इतका पातळ असतो की त्याचा स्वतःचा काळा रंग दिसतच नाही. प्रकाशाचा काही भाग थराच्या वरच्या पृष्ठावरून परततो, काही खालच्या चांदीवरून, आणि दोघांच्या भेटीत काही रंग मारले जातात, काही उजळतात. पाण्यावर सांडलेल्या रॉकेलवर इंद्रधनुष्य दिसते त्यामागचे तत्त्व हेच. थर वाढतो तसा रंग क्रमाने बदलतो : आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, तांबूस, जांभळा, निळा, आणि पुढे जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या पलीकडे बरीच गेली की करडा आणि शेवटी काळा. म्हणजे नाण्यावरचा रंग ही थराची जाडी मोजण्याची पट्टीच झाली. काठाशी निळा, आत जांभळा, मध्याकडे सोनेरी आणि अगदी मध्यभागी पांढरा असा राणीछाप रुपया पाहिला, तर गंधक काठाकडून आत सरकत आला आणि मधला भाग बराच काळ झाकलेला होता, हे न विचारता कळते. एकावर एक चळत रचून ठेवलेल्या नाण्यांत असे घडते. चळतीतल्या सगळ्यांत वरच्या नाण्याचा एक चेहरा पूर्ण काळा आणि दुसरा पांढरा, हेही घडते.

नाशिक जिल्ह्यात गंधकाला तोटा नाही. लासलगाव, पिंपळगावकडच्या कांदाचाळींत कांदा सडू लागला की जो उग्र दर्प सुटतो, तो गंधकाच्या संयुगांचाच. द्राक्षबागांत भुरीवर गंधकाची भुकटी धुरळतात. जुन्या नाशकातली उघडी गटारे, कोळशाच्या इंजिनांचा धूर, शेणाच्या गोवऱ्यांची चूल, देवघरातली लोकर, डब्याला आवळून बसवलेला रबरबँड, हे सगळे त्याच वर्गातले. रसायनाच्या हिशेबाने कांदाचाळीशेजारच्या घरातली चांदी आणि गच्च बसणाऱ्या शिसवी पेटीतली चांदी एका वेगाने रापणार नाही. त्यातून घडणारी चिन्हे वाचण्यासारखी असतात. रबरबँडची काळी आडवी रेघ नाण्याच्या मधोमध उमटते. जाड खादीच्या मुडीत वर्षानुवर्षे बांधलेल्या नाण्यावर कापडाच्या ताण्याबाण्याची पुसट जाळी उतरते. अमेरिकेत सरकारी तिजोरीत हजार-हजारांच्या कॅनव्हासच्या पिशव्यांत पडून राहिलेल्या मॉर्गन डॉलरांवर असेच रंग चढले, आणि आज ‘पिशवीचा रंग’ ही तिथल्या संग्राहकांत एक प्रतवारीच झाली आहे. आपल्याकडे मुडी होती, हंडा होता, भिंतीतला कोनाडा होता. पण त्यांच्या खुणा वाचण्याआधी आपण चिंच भिजत घालतो.

चिंचेबद्दल एक खुलासा इथेच करतो, कारण अर्धी चूक तिथून सुरू होते. नाशिक हे तांब्यापितळेच्या भांड्यांचे गाव. तांबट आळीतली ठोक्याची भांडी, गोदेचे पाणी भरून न्यायचे तांबे, देवघरातली पितळी उपकरणी. ही सगळी चिंच-मिठाने किंवा लिंबाने लखलखतात. त्याचे कारण साधे आहे. तांब्यावरचे ऑक्साइड आणि कार्बोनेट आम्लात विरघळतात. सिल्व्हर सल्फाइड चिंचेच्या किंवा लिंबाच्या आम्लात विरघळत नाही. मग चिंचेने चांदी उजळली असे जे दिसते ते कशाने? चोळण्याने, आणि सोबत घेतलेल्या राखेने, रांगोळीने किंवा दंतमंजनाने. चांदी मऊ धातू आहे. राखेतले सिलिकाचे कण आणि रांगोळीची भुकटी तिला ओरबाडण्याइतकी कठीण असते. आम्ल मात्र आपले काम दुसरीकडे करते. चलनी चांदीत तांब्याची भेसळ असते, आणि आम्ल पृष्ठभागालगतचे ते तांबे खाते. थोडक्यात, तांब्याच्या घागरीचा धडा आपण रुपयाला लावला आणि रुपया नापास झाला.

भेसळीचा मुद्दा आला म्हणून सांगायला हवे की सगळी चांदी सारखी रापत नाही. मोगली काळात नाशिकचे नाव गुलशनाबाद होते. त्या नावाची टांकसाळ मराठेशाहीतही चालली. चांदवडच्या टांकसाळीचा रुपया ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ हे नाव मिरवी आणि लोकांच्या तोंडी तो चांदोरी. ही नाणी शाह आलम बादशहाच्या नावाने पडत आणि त्यांतली चांदी बरीच शुद्ध असे. १८३५ पासूनचा कंपनीचा आणि पुढे राणीचा, राजाचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. १९४० मध्ये युद्धाच्या ओढाताणीत रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि उरलेल्या निम्म्यात तांबे, निकेल, जस्त आले. १९४७ चा रुपया तर सरळ निकेलचा. एकाच डब्यातला १९१८ चा राजाछाप निळसर-सोनेरी होतो आणि १९४४ चा मळकट, पिवळट-करडा, याचे मूळ या धातूत आहे. जुने सराफ हा फरक डोळ्यांनी ओळखत. खात्री करायला ते नाण्यावर बारीक टोचा मारत. मराठेशाहीतल्या रुपयांवर असे सराफी ठसे डझनांनी सापडतात. त्या खड्ड्यांच्या तळाशी राप चढलेला असला तर ठसा जुना, तळ पांढरा चकचकीत असला तर कुणी तरी अलीकडे उद्योग केला, एवढा अंदाज राप टिकलेल्या नाण्यावर बांधता येतो. घासलेल्या नाण्यावर तो बांधता येत नाही.

राप ही एका अर्थी विश्रांतीची खूण आहे. हातोहात फिरणाऱ्या नाण्याचे उंच भाग बोटांनी, बटव्याने, इतर नाण्यांनी सतत पुसले जातात; राप खोलगट जागी, अक्षरांच्या कुशीत तेवढा उरतो. पडून राहिलेल्या नाण्यावर तो सगळीकडे पसरतो. अंजनेरीला सापडलेल्या भोगशक्तीच्या ताम्रपटात, म्हणजे इ. स. ७१० च्या सुमारास, ‘कृष्णराज रूपकां’चा उल्लेख येतो. कलचुरी कृष्णराज सहाव्या शतकातला. त्याची चांदीची नाणी दीडशे वर्षांनंतरही हिशेबात होती. त्याच्याही मागे जा. पांडवलेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्याने तीन हजार कार्षापण ठेवले; दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज. सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण, हा दरही त्याच लेखात कोरला आहे. दगडावर रक्कम कळते, दर कळतो; ती रक्कम प्रत्यक्षात फिरत होती की पेढीत निजली होती, हे सांगू शकेल ते नाणेच. म्हणूनच झिजेचे प्रमाण आणि रापाची वाटणी या दोन गोष्टी अभ्यासकाला एकत्र हव्या असतात. घासण्याने दोन्ही एकदम बिघडतात : झीज खोटी वाढते आणि राप जातो.

यावर आक्षेप आहेत, आणि काही वजनदार आहेत. पहिला असा की राप म्हणजे चांदी खाल्ली जाणेच. मग तो वेळीच काढू नये काय? राप चांदीतून घडतो हे खरे. पण थर जाडावत जातो तशी त्याची वाढ मंदावते, कारण गंधकाला आणि चांदीला एकमेकांपर्यंत पोचायला तोच थर ओलांडावा लागतो. तो काढला की कोरी चांदी उघडी पडते आणि खाणे पहिल्या वेगाने पुन्हा सुरू होते. दर दिवाळीला घासले जाणारे नाणे दर वर्षी एक थर गमावते. न घासलेले नाणे एकदाच गमावते. हिशेब कोणीही करून पाहावा.

दुसरा आक्षेप अधिक चलाख आहे. ॲल्युमिनियमचा कागद, गरम पाणी आणि खाण्याचा सोडा यांत चांदी बुडवली तर गंधक ॲल्युमिनियमकडे जातो आणि सल्फाइडची पुन्हा चांदी होते; इथे काहीच ओरबाडले जात नाही, मग हरकत काय? रसायन बरोबर आहे आणि ताटवाट्यांसाठी युक्ती चांगली आहे. परंतु परत आलेली चांदी आपल्या मूळ जागी, मूळ घडणीत बसत नाही. नव्या रुपयाची झळाळी ठशाच्या दाबाखाली धातू वाहताना पडलेल्या सूक्ष्म रेषांतून येते. परतलेली चांदी तिथे निस्तेज, भुरभुरीत साय धरून बसते. बाजारात मिळणारे थायोयुरियाचे द्रावण याच्या उलट करते, सल्फाइडच विरघळवून नेते, आणि त्याबरोबर ती चांदी कायमची जाते. एक चांदी परत करते पण बिघडवून, दुसरे परतच करत नाही.

तिसरा आक्षेप अभ्यासकांच्याच दारात येतो : जमिनीतून निघालेले साठे साफ केल्याशिवाय वाचता येत नाहीत, मग इतरांनाच मनाई का? इथे राप आणि कळंक यांचा फरक कामाला येतो. शतकानुशतके ओल्या, क्षारयुक्त मातीत पडलेल्या चांदीवर मातकट, मेणासारखा मऊ सिल्व्हर क्लोराइडचा थर बसतो आणि भेसळीतले तांबे बाहेर येऊन हिरव्या पुटकुळ्या धरते. हा कळंक. तो अक्षरे गिळतो आणि प्रसंगी आतली चांदीही ठिसूळ करतो. तो काढावाच लागतो. पण सूक्ष्मदर्शकाखाली, एकेक नाणे मोजून, आधी छायाचित्र काढून. नाणे मातीतून आले की माळ्यावरच्या डब्यातून, हा प्रश्न आधी विचारला तर निम्मा गोंधळ मिटतो. तांबूस हिरवे डाग आणि पापुद्रे दिसले तर ते घरचे काम नाही. एकसंध, गुळगुळीत, अक्षरे स्पष्ट दिसू देणारा काळा किंवा रंगीत थर असेल तर ते कोणाचेच काम नाही.

बाजाराचा आक्षेप राहिला. इंद्रधनुषी रापाच्या नाण्यांना आता जादा भाव मिळतो, त्यामुळे बनावट राप चढवण्याचा धंदाही जोरात आहे. म्हणजे हे सगळे विलायती संग्राहकांचे खूळ नव्हे काय? भावाचे खूळ आहे, हे मान्य. गंधकाच्या द्रावणाने किंवा आचेने एका दिवसात चढवलेला रंग ओळखताही येतो : तो ओरखड्यांच्या आतही तितकाच असतो, झिजलेल्या उंचवट्यांवरही असतो, आणि पिवळ्या-तांबड्या-निळ्याचा क्रम मध्येच तोडतो. पण राप जपण्याचा आधार भावावर ठेवलाच नव्हता. उद्या भाव उतरले तरी चैत्याखालचे नाक तिथेच असणार आहे.

सगळ्यांत नाजूक आक्षेप लक्ष्मीपूजनाचा. काळी लक्ष्मी पाटावर कशी मांडायची? पूजेला स्वच्छता लागते, आणि स्वच्छतेला साधे पाणी पुरते; घासण्याचा विधी शास्त्रात नसून सवयीत आहे. खरा त्रास पूजेनंतर होतो. पंचामृतातले दही, फराळाच्या हातांचे मीठ, ओले हळदकुंकू तसेच ठेवून नाणे डब्यात बंद होते आणि वर्षभर ओलाव्यात राहते. यातून जो थर येतो तो कळंकाकडे झुकतो. पूजा झाल्यावर नाणे साध्या पाण्यात बुडवून, मऊ सुती कापडावर न चोळता टिपून, पूर्ण वाळवून ठेवले तर श्रद्धा आणि नाणे दोन्ही सांभाळले जातात. चमकच हवी असेल त्यांनी सराफ बाजारातून नवे नाणे आणून मांडावे. चकाकण्याचे काम त्याला द्यावे, तो त्याचा काळ आहे.

अंजनेरीच्या पायथ्याशी नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि नाण्यांचे संग्रहालय आहे. जिज्ञासूंनी तिथे सावकाश फिरून यावे; शेजारी शेजारी ठेवलेल्या नाण्यांचे रंग पाहिले की इथे शब्दांत सांगितलेले बरेच काही डोळ्यांनी कळते. घरातल्या नाण्यांसाठी तूर्त एवढे करावे : डबा उघडा, रबरबँड काढून टाका, वास मारणारी लवचिक प्लॅस्टिकची पाकिटे फेकून द्या, नाणी काठाला धरून कोरड्या कागदी पाकिटांत एकेक ठेवा, दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा आणि वजन लिहून ठेवा. शेत नांगरताना किंवा पाया खणताना नाणी निघाली तर १८७८ चा कायदा अजून लागू आहे; दहा रुपयांहून अधिक किमतीचा साठा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. कळवेपर्यंत माती झाडू नका, हंडा रिकामा करू नका आणि नाणी पाण्यात टाकू नका.